घरी शिवलेली चित्रवही

आमच्या आईची रांगोळीची एक वही होती. जुन्या हिशेबाच्या चोपड्यांतले पाठकोरे कागद काढून, मधोमध दुमडून, गोधडीच्या दोऱ्याने तिने ती स्वतः शिवली होती. पानापानावर ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पंधरा ते आठ’ अशी नोंद. १९९१ साली इंदूरचे जुने घर सोडताना आवराआवरीच्या घाईत ती वही रद्दीत गेली. दोष कोणाला द्यावा? गठ्ठे आम्हीच बांधले होते.

त्या चुटपुटीतून पुढे मी स्वतः वही शिवायला घेतली. चित्रकला मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण वही शिवायला ती यावी लागत नाही. ड्रॉइंगचे चार कागद एकात एक ठेवून दुमडले की सोळा पृष्ठे होतात. कापडाप्रमाणे कागदालाही उभा-आडवा असतो. एका बाजूने तो मुकाट दुमडतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. मुकाट दुमडेल तीच घडी धरावी, नाहीतर पावसाळ्यात पाने वाकडी होतात. घडीवर दाभणाने तीन छिद्रे पाडावीत. मेण लावलेला दोरा मधल्या छिद्रातून बाहेर काढावा, वरच्यातून आत घ्यावा, मधले ओलांडून खालच्यातून बाहेर न्यावा आणि पुन्हा मधल्यातून आत आणावा. मग दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारावी. दहा मिनिटांचे काम. वर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर जुन्या लुगड्याचा काठ खळीने चिकटवावा. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे. मुलाबाळांच्या घरात ते नको.

सोळा पृष्ठांचा हा हिशेब मला फार सोयीचा पडला. माळव्यात भाद्रपदी पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत मुली भिंतीवर ‘संजा’ मांडतात. (तो पंधरवडा आपल्या पंचांगात भाद्रपद वद्य, शेजाऱ्यांच्या पंचांगात आश्विन कृष्ण, संजेला याचे काही नाही.) शेणाने आकृती काढायची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, सायंकाळी गाणी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी ती काढून नवी मांडायची. चंद्र-सूर्य येतात, आणि अखेरीस सगळ्यांना पोटात घेणारा किल्लाकोट येतो. मग सारे नदीत. आमच्या आळीत ज्या घरी अजून संजा मांडतात, तिथे मी संध्याकाळी जाऊन बसते आणि रोज एक पान काढते. पहिल्या वर्षी माझा चंद्र भाकरीसारखा आला. पण तो काढताना एक गोष्ट ध्यानात आली. लहानपणापासून पाहिलेली ती आकृती मी कधी नीट पाहिलीच नव्हती. मुलींची बोटे शेणाची वळी बाहेरून आत नेतात की आतून बाहेर, हेही मला सांगता आले नसते.

इंदूरला अशा पाहण्याची परंपरा आहे. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली येथे बेंद्रे शिकले, विष्णू चिंचाळकर शिकले. चिंचाळकरांना गावात सारे ‘गुरुजी’ म्हणत. वाळके पान, काटकी, मोडकी वस्तू, जी दुसऱ्याने केरात टाकावी, तिच्यात त्यांना पक्षी दिसे, चेहरा दिसे. ती दृष्टी उसनी मिळत नाही हे खरे, परंतु गळलेले पान उचलून वहीत चिकटवायला कोणाची परवानगीही लागत नाही.

रंगही मी विकत आणत नाही. जास्वंदीची पाकळी कागदावर घासली तर लाल न उमटता जांभळट निळा उमटतो, ही गंमत एकदा करून पाहावी. चहाच्या कोऱ्या पाण्याने जुन्या भिंतीचा रंग येतो. हळदीत चुन्याची निवळी पडली की कुंकवाचा लाल उतरतो. हे रंग उजेडात टिकत नाहीत, हळद तर फारच लवकर विटते. बंद वहीत त्यांचे आयुष्य थोडे अधिक, आणि तेवढे मला पुरे आहे.

वही कोणाला दाखवावी की नाही? माझे मत, दाखवू नये; निदान पहिली दोन वर्षे तरी. दाखवायची म्हटली की हात आवरतो, पान फाडावेसे वाटते. आई तिची वही कोणाला दाखवीत नसे. शेजारणी रांगोळी पाहायला अंगणात येत, वही डब्यांच्या फळीवरच असे.

गेल्या दिवाळीत तिची पंधरा ते आठची रांगोळी आठवून काढायचा मी प्रयत्न केला. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी करीत आठपर्यंत. कमळे जमली, त्यांच्यामधले वेलही जमले. डाव्या कोपऱ्यात मात्र एक रेषा कुठे वळत होती ते काही केल्या आठवत नाही. तिथले चार ठिपके पेन्सिलीचेच ठेवले आहेत. धाकट्या बहिणीला पत्र घातले आहे. लहानपणी सकाळी आईच्या शेजारी ठिपके मोजायला तीच बसत असे.