दुसऱ्याच्या कॉम्प्युटरची किल्ली : सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरचे शिक्षण कसे घ्यावे?

पूर्णा जंक्शनला तीन दिशांच्या लाइनी मिळतात. एक परभणीकडे, दुसरी नांदेडकडे व तिसरी हिंगोली-अकोल्याकडे. आमच्या तरुणपणी घरातला एक मुलगा रेल्वेत चिकटला की त्या घराची काळजी मिटली असे समजत. आज मुले ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. पण कॉम्प्युटर म्हणजे नक्की कोणते काम, हे त्यांना सांगता येत नाही आणि बापाला विचारता येत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या दुकानातील एका जुन्या गुमास्त्याने विचारले, “शेठ, मुलगा ‘सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर’चा कोर्स करायचा म्हणतो. साठ हजार फी आहे. नोकरीची गॅरंटी देतात. भरू का?” मी कापडाचा व्यापारी, शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. तरी या धंद्याचा एक चटका मी खाल्लेला असल्याने चौकशी केली. जे समजले ते वाचक बंधूंसमोर ठेवतो.

चटका कसा बसला?

कापड धंद्यावर १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि वहीखाते कॉम्प्युटरवर नेणे भाग पडले. आमचे हिशेब लिहिणारे गृहस्थ नांदेडला राहत. त्यांना घरूनच दुकानाच्या कॉम्प्युटरवर काम करता यावे म्हणून एका कारागिराने ‘रिमोट डेस्कटॉप’ चालू करून दिले. ते सरळ इंटरनेटवर उघडे ठेवले आणि पासवर्ड म्हणून दुकानाचे नाव व पुढे १२३. मीही काही विचारले नाही. २०१९ साली ऐन ईदच्या हंगामात सकाळी दुकान उघडले, तर सगळ्या फाइली बंद आणि पडद्यावर पैशाची मागणी. शेवटची नक्कल चार महिन्यांपूर्वीची. सुरत, भिवंडी, मालेगावची बिले व बिल्ट्या पोत्यातून काढून चार महिन्यांची खतावणी पुन्हा लिहिली. काही उधारी कायमची बुडाली, कारण तिचा कागदच नव्हता. त्या कारागिराला कॉम्प्युटर चालू करता येत होता, सांभाळता येत नव्हता. सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरचे शिक्षण म्हणजे हे सांभाळण्याचे शिक्षण होय.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?

स्टेशनात कोणती गाडी कोणत्या फलाटावर घ्यायची, कोणाला थांबवायचे, कोणाला सोडायचे हे ठरविणारा कोणी नसेल तर गाड्या असूनही वाहतूक होणार नाही. कॉम्प्युटरमध्ये हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. मेमरी, डिस्क, छपाईयंत्र, नेटवर्क यांची वाटणी तिच्या हाती असते. घरगुती वापरात विंडोज सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या मशिनींवर, ज्यांना सर्व्हर म्हणतात, दोन घराणी मुख्य आहेत : मायक्रोसॉफ्टचे विंडोज सर्व्हर आणि लिनक्स. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिहिला व तो सर्वांना मोफत खुला झाला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक मशीन लिनक्सवर चालत आली आहे.

अॅडमिनिस्ट्रेटरची रोजची कामे ठरलेली असतात. कोणाला खाते द्यायचे व कोणती फाइल कोणी पाहायची ते ठरविणे, दुरुस्त्या वेळेवर बसविणे, डिस्क भरत आली का पाहणे, नोंदवह्या म्हणजे लॉग तपासणे, आणि रोज नक्कल, म्हणजे बॅकअप, काढणे. दुरुस्तीचे महत्त्व २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील एका भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यात दिली होती. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस आला आणि ज्यांनी ती दुरुस्ती बसविली नव्हती अशा अनेकांच्या मशिनी बंद पाडून गेला. विंडोज १० ची सर्वसाधारण मदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तरी अनेक दुकानांत ते तसेच चालू आहे, हे जाता जाता सांगतो.

लांबून काम करणे

तिकीट खिडकीवरचा बाबू आरक्षण देतो तेव्हा जागांचा हिशेब त्याच्या टेबलावर नसतो. दूरच्या केंद्रातील मोठ्या मशीनला विचारून तो तिकीट छापतो. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील रेल्वेची आरक्षण केंद्रे १९९९ साली एकमेकांशी जोडली गेली, म्हणून कुठल्याही खिडकीवरून कुठलेही तिकीट मिळू लागले. अॅडमिनिस्ट्रेटरचेही तसेच असते. मशीन मुंबईत, तो पूर्णेत.

पूर्वी हे काम ‘टेलनेट’ने होई. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा तारेवरून जाई व वाटेत कोणीही वाचू शके. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरीला गेल्यानंतर तेथील टाटू यूलोनेन यांनी १९९५ साली ‘एसएसएच’ तयार केले. यात सर्व मजकूर गुप्त लिपीत जातो. शिवाय पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. समजा, तुम्ही एक कुलूप घडविले व ते दूरच्या मशीनला लावले. किल्ली तुमच्याच खिशात राहते, ती रस्त्याने कधी जातच नाही. कुलूप कोणी पाहिले तरी त्यावरून किल्ली करता येत नाही.

विंडोजमध्ये लांबून पडदा पाहण्याची सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप. ती ३३८९ क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर चालते, आणि चोर सर्वांत आधी तेच दार ठोठावतात. म्हणून ती उघड्यावर ठेवू नये. आधी व्हीपीएन, म्हणजे दोन ठिकाणांमधील बंद बोगदा तयार करावा आणि त्यातूनच आत जावे. माझ्या दुकानात एवढे केले असते आणि पासवर्ड नीट ठेवला असता, तर बहुधा तो हंगाम वाचला असता.

शिक्षण कोठे व कसे?

दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. जवळच्या कोणत्या आयटीआयमध्ये जागा आहेत ते प्रवेशाच्या वेळी विचारावे. केंद्र सरकारची ‘नायलिट’ ही संस्था, जिला २०११ पूर्वी ‘डोएक’ म्हणत, हार्डवेअर व नेटवर्कचे अभ्यासक्रम चालविते. तिचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात आहे. इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालेल्यांसाठी १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘सी-डॅक’चा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स व सिक्युरिटीचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यासाठी ‘सी-कॅट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी राष्ट्रीय उर्दू परिषदेने एक वर्षाची कॉम्प्युटर पदविका चालविली आहे. ती पहिली पायरी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

खाजगी प्रमाणपत्रांत रेड हॅट कंपनीच्या ‘आरएचसीएसए’ला मान आहे, कारण त्यात पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. मशीन पुढे ठेवतात आणि काम करून दाखवा म्हणतात. ३०० पैकी २१० गुण लागतात व इंटरनेट मिळत नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तुमचे काम टिकले पाहिजे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. मायक्रोसॉफ्टची जुनी ‘एमसीएसई’ परीक्षा जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. आजही तिच्या नावाने कोणी फी मागत असेल तर तेथून उठावे.

सरावाला मात्र पैसा लागत नाही. आठ जीबी मेमरीचा जुना कॉम्प्युटर घ्यावा. त्यात ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हा मोफत प्रोग्राम टाकला की एकाच मशीनमध्ये दोन-तीन मशिनी उभ्या राहतात. डेबियन, उबुंटू, रॉकी हे लिनक्स मोफत आहेत. विंडोज सर्व्हर १८० दिवस तपासणीसाठी मिळते. एक मशीन दुकान समजावी, दुसरी घर. घरातून दुकानात एसएसएचने जावे, किल्ली बसवावी, पासवर्डचा मार्ग बंद करावा. मग मुद्दाम फाइली पुसून नकलेवरून परत आणाव्यात. नक्कल परत आणता आली नाही, तर ती नक्कलच नव्हे.

हे काम अमानतीचे आहे

या कामात दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली हाती येते. पगार, औषधोपचार, उधारी सर्व दिसते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी घुसखोरीची खबर सहा तासांत द्यायची व लॉग १८० दिवस जपायचे असतात. म्हणून नोंदी व्यवस्थित ठेवणाऱ्या माणसाची गरज आहे. घरच्यांनीही सावध असावे : फोनवर कोणी लांबून पडदा पाहण्याचे अॅप घ्यायला सांगितले तर घेऊ नये. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच याबाबत इशारा दिला आहे. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर कळवावे.

गुमास्त्याला काय सांगितले?

म्हटले, फी भरण्याआधी त्या इन्स्टिट्यूटमध्ये मुलाबरोबर जा व चार प्रश्न विचार. प्रत्येक मुलाला स्वतंत्र सर्व्हरवर हात चालवू देता का? शिकविणाऱ्याने स्वतः कोठे सर्व्हर सांभाळला आहे? शेवटी कोणती परीक्षा व ती कोण घेते? आणि ‘गॅरंटी’ लेखी देता का? तो गेला. पहिल्या तिन्ही प्रश्नांना गोलमाल उत्तरे मिळाली व चौथ्याला हसून टाळले. पैसे वाचले.

आता मुलगा संध्याकाळी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर सराव करतो आणि पुढच्या वर्षी आयटीआयचा फॉर्म भरणार आहे. इंग्रजी कच्चे आहे, त्यासाठी रोज एक पान वाचतो. दुकानाची नक्कल काढण्याचे काम मी त्याच्याकडे दिले आहे. पहिल्या जुम्याला त्याने विचारले, “चाचा, एक नक्कल दुकानाबाहेर ठेवायची असते. कुठे ठेवू?” हा प्रश्न त्या कारागिराने मला कधी विचारला नव्हता. मी त्याला घरच्या कपाटाची किल्ली दिली.