चौकट : करड्या फर्गसनची छोटी प्रतिकृती

हॅरी फर्गसन यांचा ‘टीई-२०’ हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनला. पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. साधी, उघडी रचना असल्याने मॉडेल बनवणाऱ्यांचा तो आजही आवडता आहे.

• प्रमाण : १:१६ मध्ये बारकावे नीट दाखवता येतात. १:३२ मांडणीतल्या शेतासाठी सोयीचे.

• मापे : मूळ लांबी सुमारे २९२ सेंमी, पुढच्या-मागच्या आसांतले अंतर १७८ सेंमी. १:१६ मध्ये ती अनुक्रमे १८.३ व ११.१ सेंमी होतात.

• चाके : मागची रिम २८ इंची, पुढची १९ इंची. मॉडेलमध्ये साधारण ४४ व ३० मिमी.

• इंजिन : बॉनेट पुढच्या बाजूला कलते, म्हणून बिजागरी पुढे बसवा. पेट्रोल मॉडेलच्या प्लग-वायरींना अर्ध्या मिमीहून बारीक तार लागते. १९५१पासूनच्या डिझेल ‘टीईएफ-२०’ला प्लगच नाहीत, तिथे वायरी लावू नका.

• थ्री-पॉइंट लिंकेज : खालचे दोन दांडे हायड्रॉलिकने उचलले जातात, वरचा तिसरा नांगराला सावरतो. हीच फर्गसन यांची खरी देणगी, त्यामुळे हे दांडे हलते ठेवा.

• रंग : सर्वांगी करडा. वापरलेला ट्रॅक्टर दाखवायचा असेल, तर पाय टेकतात तिथला रंग घासा.

• वेगळा अवतार : एडमंड हिलरी जानेवारी १९५८मध्ये पट्टे चढवलेले फर्गसन घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले.