रुपयाचा प्रश्न आणि आपल्या प्राध्यापिका

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी, हे वाक्य आपल्या वक्त्यांच्या तोंडी आता चांगले रुळले आहे. १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी', १९२५ साली आलेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ, त्याच वर्षी हिल्टन यंग आयोगापुढे दिलेली साक्ष यांचा उल्लेख प्रत्येक भीमजयंतीला होतो. तो झालाच पाहिजे. परंतु चलन, बँका, कर, पालिकेचा पैसा या विषयांवर आज आपल्या किती लेकी संशोधन करीत आहेत, हे त्या व्यासपीठावरून कोणी विचारत नाही!

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली, अंबरनाथपर्यंत वाणिज्य महाविद्यालयांची कमतरता नाही. वर्ग मुलींनी भरलेले आहेत, शिकविणाऱ्याही पुष्कळ ठिकाणी स्त्रियाच आहेत. त्यांतील अनेकजणी तासिका तत्त्वावर राबतात. जेवढे तास शिकवाल तेवढाच मोबदला. संशोधनाचा तास त्यात धरलेलाच नाही. सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. हवी आणि शोधनिबंधही हवेत. त्यासाठी डोंबिवलीची लोकल पकडून कुर्ल्याला उतरायचे, पुढे कलिन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात जायचे, आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचे. कंपन्यांची आकडेवारी पुरविणाऱ्या संस्थांची वर्गणी लहान महाविद्यालयाला झेपत नाही. वर पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस नियतकालिके टपलेलीच असतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत महिलांना पीएच.डी.साठी दोन वर्षे जादा मुदत आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. चांगली तरतूद आहे. मात्र मुदत वाढली म्हणून मार्गदर्शक भेटत नाही, की लिहिलेले पान तपासून देणारी मैत्रीण भेटत नाही. अधिछात्रवृत्तीचे म्हणाल, तर बार्टीच्या २०२२ च्या तुकडीला ती पूर्ण मिळावी म्हणून रस्त्यावर बसावे लागले.

बाबासाहेबांची विद्वत्ता अलौकिक होतीच. तरीही १९१३ साली अमेरिकेला जाताना सयाजीरावांची शिष्यवृत्ती पाठीशी होती. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज, एवढे जमल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. कोलंबियात सेलिग्मन होते, लंडनमध्ये कॅनन. या कॅनन यांना रुपयाच्या ग्रंथातील बरीच मते मान्य नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. मतभेद असूनही पाठीवर हात ठेवणारा गुरू मिळणे ही केवढी गोष्ट आहे! आणि इकडे मुंबईत घर कोणी सांभाळले? रमाईने. आजच्या आपल्या संशोधक भगिनीचे घर कोण सांभाळते, याचे उत्तर चळवळीतील पुरुषांनी मनाशी द्यावे.

एकमेकींचा हात धरल्याने काय होते, हे अमेरिकेत मोजून पाहिले गेले आहे. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेने स्त्रियांच्या स्थितीसाठी १९७१ मध्ये समिती नेमली. पुढे या समितीने तरुण प्राध्यापिकांना ज्येष्ठ प्राध्यापिकांबरोबर बसवून त्यांच्या निबंधांवर चर्चा करणारी कार्यशाळा सुरू केली. अर्ज जास्त आले म्हणून निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली, त्यामुळे तुलना करणे सोपे झाले. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कार्यशाळेला गेलेल्यांचे निबंध आणि संशोधन अनुदाने न गेलेल्यांपेक्षा अधिक होती. वित्त विषयाच्या प्राध्यापिकांसाठीही तिथल्या फायनान्स असोसिएशनची वेगळी समिती आहे.

आपल्याकडे विषयांना तोटा नाही. ठाणे जनता, कल्याण जनता, डोंबिवली नागरी या सहकारी बँका याच पट्ट्यात वाढल्या. त्यांच्या कर्जवाटपात वस्तीतल्या बाईचा वाटा किती? २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खात्यातून सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, तेव्हा घरखर्च कोणी आणि कशावर चालविला? भिशी, बचत गट, दारात हप्ता मागायला येणारी मायक्रोफायनान्स कंपनी, पालिकेच्या अंदाजपत्रकातील मागासवर्गीयांचा न खर्चलेला निधी, हे सारे जिच्या आईने भोगले ती जो प्रश्न विचारील, तो वातानुकूलित खोलीतल्या अभ्यासकाला सुचणारच नाही. (त्यालाही विचारू द्या, आमची ना नाही.)

मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. तसे अर्थकारणातही का होऊ नये? कल्याण किंवा ठाण्यातील एखाद्या बुद्धविहाराचे सभागृह महिन्यातून एका रविवारी द्यावे. एकीने आपला कच्चा निबंध वाचावा, बाकीच्यांनी तो निर्भीडपणे फोडावा. बँकांतून निवृत्त झालेल्या आपल्या अधिकाऱ्यांनी ताळेबंद कसा वाचायचा ते शिकवावे. रिझर्व्ह बँकेची आकडेवारी संकेतस्थळावर फुकट आहे, ती कशी काढायची ते दाखवावे. बोगस नियतकालिकांत फसलेलीने दुसरीला सावध करावे. जयंतीच्या वर्गणीतून प्रवासखर्च आणि आकडेवारीची वर्गणी निघू शकते. डीजेचा एक तास कमी केला तरी पुरे. पहिल्या बैठकीसाठी पुस्तकही विकत घ्यायला नको. शासनाने १९८९ मध्ये काढलेला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा सहावा खंड कित्येक विहारांच्या कपाटात असेल. त्यात रुपयाचा ग्रंथही आहे आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेचाही. आणि त्या रविवारी मुले सांभाळायला घरातले पुरुष थांबतील, हे आधीच ठरवून घ्यावे.