लग्न हे व्यसनावरचं औषध नव्हे

"पोराचं लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल." पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबादच्या बेल्यात काय नि पलीकडे यवतमाळात काय, पिणाऱ्या पोराच्या घरी कुणीतरी हे म्हणतंच.

जागतिक आरोग्य संघटना दारूच्या व्यसनाला आजारांच्या यादीत धरते. अक्षता पडल्याने तलफ जात नाही. थोडे दिवस पोरगा सावरल्यासारखा वाटतो, मग पुन्हा पिऊ लागतो आणि बोल लागतो सुनेला: "तुला नवरा सांभाळता आला नाही." आजार लपवून सोयरीक जुळवणं ही त्या मुलीची फसवणूक आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. १९८६ पासून चालणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलतात, कारण व्यसनाचा मार त्यांनीही खाल्लेला असतो.

दुसरा गैरसमज जिवावर बेतू शकतो: "कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल." रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, नसलेली माणसं दिसू लागतात. शिंदीचं तर आणखी वेगळं. भेसळीच्या शिंदीत अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधं मिसळलेली सापडतात. २०१५ साली निझामाबादकडे अशा शिंदीवर कारवाई झाली, तेव्हा शिंदी अचानक बंद झालेली माणसं झटके आणि भ्रम घेऊन दवाखान्यात आली. ती हट्टी नव्हती, आजारी होती. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आदिलाबादचं रिम्स रुग्णालय त्यासाठीही आहे.

"बाप पीत होता, पोरगा पिणारच" हेही खरं नाही. व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा. उरलेल्यात घरातली रोजची भांडणं, संगत, आणि सणाला मोठ्यांनीच पुढे केलेला पहिला पेला.

"टेन्शन आहे, घेऊ दे जराशी" असं म्हणणारी आई पोराच्या मायेपोटीच बोलते. पण दारू झोप मोडते आणि उदासी वाढवते. गरज उपचारांची असते, तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूचं व्यसन असलेल्या शंभरांतल्या ८६ जणांना उपचारच मिळालेले नव्हते.

१४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठी आणि तेलुगूतही. पोरगा तयार नसला तरी फोन आईने, बहिणीने, बायकोने केला तरी चालतो.