ड्यूकच्या नावाचं व्हायोलिन

सकाळी साडेआठ. लंडनमध्ये उत्तरेच्या खिडकीतला उजेड याच वेळी कामाचा असतो. विक्रीला आलेलं वाद्य मी आधी तिथे नेतो. आजचं व्हायोलिन एका निवृत्त शिक्षिकेचं, आजोबांकडून आलेलं. एफ-होलमधून डोकावलं की आत चिठ्ठी दिसते : रिचर्ड ड्यूक, लंडन. पाठीवर, मानेच्या बुडाशी तेच नाव डागलेलं. पण चिठ्ठी मी सगळ्यात शेवटी धरतो. ड्यूक १७८३ मध्ये वारले. हॉलबर्नमधल्या या कारागिराचा लौकिक एवढा, की त्यांच्यामागे कितीतरी जणांनी तो शिक्का आपल्या मालावर ठोकला. जर्मनीत घाऊक बनलेल्या वाद्यांवरसुद्धा.

नऊ वाजता मोजमाप. पाठीची लांबी नेहमीच्या ३५५ मिलिमीटरच्या आसपास. आडवं धरून पाहिलं तर पोट चांगलंच फुगीर. अठराव्या शतकातल्या इंग्लंडला टायरोलच्या याकोब श्टाइनरची अशी फुगीर घडण स्ट्राडिवारीपेक्षा प्रिय होती आणि लंडनचे कारागीर तीच गिरवत. कडेची रेघ नखाने चाचपली. लाकडाच्या पातळ पट्ट्या खाचेत बसवल्या आहेत. स्वस्त इंग्लिश व्हायोलिनांवर ती नुसती शाईने ओढलेली सापडते. इथे करणाऱ्याने कष्ट वाचवलेले नाहीत.

दहाला पडदे ओढून अतिनील दिवा लावला. जुनं व्हार्निश आणि नंतरची डागडुजी त्याखाली वेगवेगळी दिसते. समोरच्या स्प्रूसवर एक लांब चीर उघडी पडली, आतून नीट ठिगळं लावून सांधलेली. मग दंतवैद्याचा छोटा आरसा आत घालून पाठ पाहिली. साउंडपोस्ट, म्हणजे आतला छोटा खांब, उभा राहतो तिथे पाठीला चीर असली, तर चांगल्या वाद्याचीही किंमत कोसळते. मेपल शाबूत आहे. किडीची भोकंही नाहीत.

खरा वेळ गेला मानेवर. १८०० च्या सुमारास वादकांना जास्त ताण, लांब आणि मागे कललेली मान हवी झाली. जुन्या माना कापल्या गेल्या, टोकाची मूळ गुंडाळी, म्हणजे स्क्रोल, राखून नव्या जोडल्या गेल्या. तो सांधा खुंट्यांच्या पेटीत दिसतो. नकली जुन्या वाद्यांवर तो कधी कधी नुसता कोरून दाखवतात, म्हणून भिंगाखाली दोन्हीकडच्या लाकडाचे धागे पाहिले. ते जुळत नाहीत. सांधा खरा आहे.

बाराला लाकडाच्या वाढीच्या वलयांचा अहवाल आला. स्प्रूसचं सगळ्यात अलीकडचं वलय ड्यूकच्या हयातीतलं. झाड त्यानंतर कधीही तोडलेलं असू शकतं, त्यामुळे ड्यूकचा दावा फेटाळला जात नाही, सिद्धही होत नाही. स्क्रोलची कोर मला त्यांच्या हातची वाटत नाही.

जेवण उरकून नवी घोडी बसवली, तारा चढवल्या.

तीनला एक वादक आली. चौकडीत दुसरं व्हायोलिन वाजवते. खालची तार घुमली नाही, पण वरच्या दोन तारांवरचा गोडवा ऐकून मी हातातलं काम ठेवलं. मोठ्या सभागृहात हा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. चार जणांच्या मैफलीत मात्र तो इतरांवर कुरघोडी न करता वेगळा ऐकू येतो. इटालियन नावापुढे अशी इंग्लिश वाद्यं फार स्वस्त जातात. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यावर खोट्या नावाचा उतारा मला मान्य नाही.

साडेचारला वर्णन लिहिलं : इंग्लिश, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, ड्यूकच्या पद्धतीचं, शिक्का नंतरचा असण्याची शक्यता. चिरेचा उल्लेख पहिल्याच ओळीत. सोबतच्या गजाच्या टोकाला हस्तिदंताचं पान आहे. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार १९७५ पूर्वीचं, २० टक्क्यांहून कमी हस्तिदंताचं वाद्य किंवा गज नोंदणी करूनच विकता येतो. तो अर्ज भरायला घेतला.

पाचला बाईंना फोन. ड्यूक नाही म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या, मग विचारलं, "पण वाजतं छान ना?" छान वाजतं, मी म्हणालो, आणि किंमत सांगितली. त्यांनी ती मान्य केली. वादकाला आठवडाभर घरी वाजवून पाहायचं आहे. विम्याचे कागद झाले की उद्या ती घेऊन जाईल.