खेळता खेळता स्पॅनिश

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत स्पॅनिशचा तास सुरू होतो, तेव्हा पहिली काही मिनिटे वह्या बहुधा मिटलेल्याच असतात. शिक्षिका म्हणते, ‘साल्ता!’ आणि अख्खा वर्ग उडी मारतो. ‘कोर्रे!’ म्हणताच सगळे जागच्या जागी धावू लागतात. ‘तोका ला मेसा’ ऐकताच सगळ्यांचे हात टेबलांवर आपटतात. उडी मार, धाव, टेबलाला हात लाव, असे शिक्षिकेने मुलांना त्यांच्या भाषेत एकदाही सांगितलेले नसते. पहिल्या दिवशी तिने स्वतः उडी मारून दाखवली, मुलांनी तिचे पाहून मारली, आणि शब्दाचा अर्थ पायांना कळला.

सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ७ ते ११ वर्षांच्या मुलांना एक परकी किंवा प्राचीन भाषा शिकवणे बंधनकारक आहे. प्राथमिक शाळांत फ्रेंचच्या खालोखाल स्पॅनिशला पसंती मिळते. २०१९ मध्ये तर अठराव्या वर्षाच्या सुमारास दिल्या जाणाऱ्या ए-लेव्हल परीक्षेत विद्यार्थीसंख्येत स्पॅनिशने फ्रेंचला मागे टाकले. जगात सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा असलेली आणि स्पेनपासून अर्जेंटिनापर्यंत वीसेक देशांचा कारभार चालवणारी ही भाषा सात वर्षांच्या मुलाला शिकवायची कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिक्षकांनी आणि संशोधकांनी खेळाचे एक मोठे शास्त्रच उभे केले आहे. भाषा अंगी मुरायची तर तोच शब्द पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या प्रसंगी कानावर पडावा लागतो. लहान मुलाला तीच गोष्ट वीस वेळा आनंदाने करायला लावण्याची ताकद खेळाइतकी दुसऱ्या कशातही नाही.

आधी अंग, मग जीभ

उड्या मारण्याच्या या पद्धतीमागे जेम्स अॅशर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे अध्यापन करताना १९६० च्या दशकात त्यांनी ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत मांडली. बाळ बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी सांगितलेले समजू लागते, या साध्या निरीक्षणावर ती उभी आहे. आपल्याकडे बाळाला ‘टाटा कर’, ‘जेजे कर’, ‘नाक कुठंय?’ असे विचारले जाते, आणि एकही शब्द न उच्चारता ते बरोबर नाकाला हात लावते. अॅशर यांचे म्हणणे असे, की परकी भाषाही याच क्रमाने द्यावी. आधी भरपूर ऐकणे, ऐकलेले अंगाने करणे, आणि बोलण्याची घाई अजिबात नाही.

वर्गात ही पद्धत तीन पायऱ्यांनी चढते. प्रथम शिक्षिका आज्ञा देते आणि स्वतः करून दाखवते. मग ती नुसतीच आज्ञा देते. शेवटी ओळखीच्या शब्दांची अशी जुळणी करते, जी मुलांनी याआधी कधीच ऐकलेली नसते: दारापर्यंत चालत जा आणि लाल पुस्तकाला डाव्या हाताने शिव. मूल हे अचूक करते, तेव्हा त्याने पाठ केलेले म्हटले नाही, नवे वाक्य समजून घेतले, हे सर्वांसमोर सिद्ध होते. लाजाळू मुलांसाठी तर ही पद्धत वरदान आहे. सगळ्यांसमोर तोंड उघडण्याची सक्ती नाही, आणि चुकले तर शेजाऱ्याकडे पाहून लगेच सुधारता येते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या शिस्तीत मोठे झालेल्या पिढ्यांना हा वर्ग गोंगाटाचा वाटेल, पण त्या गोंगाटात प्रत्येक मूल लक्ष देऊन ऐकत असते.

पाच स्वर आणि एक हट्टी ‘र्र’

लहान मुलांसाठी स्पॅनिशची मोठी सोय तिच्या स्वरांत आहे. आ, ए, ई, ओ, ऊ हे पाचच स्वर, आणि लिहिलेले अक्षर जवळजवळ नेहमी एकाच रीतीने उच्चारले जाते. वर्णमालेत २७ अक्षरे आहेत. ‘एच’ सहसा मुका असतो, म्हणून अभिवादनाचा शब्द ‘ओला’ असा ऐकू येतो. ‘जे’चा उच्चार ख-च्या जवळ जातो, तर ‘बी’ आणि ‘व्ही’ यांच्या उच्चारांत फरक उरत नाही. एवढे नियम कळले, की अर्थ न समजताही मूल पानभर मजकूर वाचू शकते, आणि ‘मला वाचता आले’ हा अभिमान त्याला पुढे खेचत नेतो.

अडते ते जीभ थरथरवून काढायच्या ‘र्र’पाशी. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या मुलांनाही हा ध्वनी सर्वांत उशिरा, बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर जमतो. म्हणून शिक्षिका तो घोकून घेत नाही. मोटारसायकल सुरू करण्याचा, मांजराच्या गुरगुरण्याचा आवाज काढायला लावते. जीभ वळवणारी वाक्ये तर स्पॅनिश बालपणाचा ठेवाच आहेत. तीन उदास वाघांचे असेच एक वाक्य तिथल्या मुलामुलाला येते. मुले ते हळू, मग जलद, मग कुजबुजत म्हणतात, आणि हसता हसता जिभेचा व्यायाम होऊन जातो.

गाण्याचे बळही इथेच कामी येते. एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० प्रौढांना हंगेरियन वाक्ये शिकवली होती. एका गटाने ती नुसती बोलून शिकली, दुसऱ्याने तालात बोलून आणि तिसऱ्याने गाऊन. नंतर ती वाक्ये हंगेरियनमध्ये म्हणून दाखवण्यात गाणारा गट सरस ठरला. प्राथमिक शिक्षक ही गोष्ट अनुभवाने फार आधीपासून ओळखत आले आहेत. वारांची नावे, महिने, अंक हे सारे चालीवर बसवण्याची रीत म्हणूनच टिकून आहे.

स्पॅनिश लेखनातली एक गंमत मुलांना विशेष भावते. प्रश्नवाक्याच्या सुरुवातीलाच एक उलटे प्रश्नचिन्ह असते. स्पेनच्या शाही भाषा अकादमीने १७५४ मध्ये हे चिन्ह स्वीकारले. स्पॅनिशमध्ये अनेकदा तेच शब्द, त्याच क्रमाने, विधानही होतात आणि प्रश्नही. उलटे चिन्ह वाचणाऱ्याला आधीच सावध करते, की आता आवाज चढवायचा आहे. मोठ्याने वाचण्याच्या खेळात मुले ते चिन्ह दिसताच भुवया उंचावतात आणि सूर बरोबर लागतो.

लोतेरिया: चोपन्न पत्त्यांची शाळा

मेक्सिकोतल्या घराघरांत खेळला जाणारा ‘लोतेरिया’ हा खेळ अनेक देशांतल्या स्पॅनिश वर्गांनी आपलासा केला आहे. त्याचे मूळ इटलीत, तिथून तो स्पेनमध्ये आणि अठराव्या शतकात मेक्सिकोत गेला. आज सर्वांच्या ओळखीची असलेली त्याची आवृत्ती क्लेमेंते झाक या मूळच्या फ्रेंच उद्योजकाने १८८७ मध्ये बाजारात आणली. हा खेळ तांबोल्याच्या जातीचा आहे, पण आकड्यांऐवजी यात चित्रे असतात. एकूण ५४ पत्ते, आणि प्रत्येक खेळाडूपुढे १६ चित्रांचा तक्ता. पुकारणारा पत्ता उचलून नाव घेतो, आणि ते चित्र आपल्या तक्त्यावर असेल तर खेळाडू त्यावर राजम्यासारख्या घेवड्याचा दाणा ठेवतो.

भाषाशिक्षकाच्या नजरेने पाहिले, तर या पत्त्यांवर एक मोलाची गोष्ट छापलेली असते. नाव कधीही एकटे येत नाही, त्याच्या आधी लिंग दाखवणारा छोटा शब्द असतो: ‘एल गायो’ म्हणजे कोंबडा, ‘एल सोल’ म्हणजे सूर्य, ‘ला लूना’ म्हणजे चंद्र, ‘ला रोसा’ म्हणजे गुलाब. स्पॅनिशमधली ‘ओ’कारान्त नामे बहुतेक पुल्लिंगी असतात, पण हात या अर्थाचे ‘मानो’ स्त्रीलिंगी आहे. व्याकरणाच्या पुस्तकात हा अपवाद म्हणून पाठ करावा लागतो. लोतेरियात मात्र ‘ला मानो’ हा एक पत्ताच आहे. तो डावामागून डाव ऐकणाऱ्या मुलाला ‘एल मानो’ कानालाच खटकते. नियम सांगण्याआधीच तो कानात बसलेला असतो.

जाणते शिक्षक पुढे या खेळाची काठिण्यपातळी वाढवतात. पारंपरिक खेळातही पुकारणारा नुसते नाव न घेता कोडे घालतो किंवा चार शब्द जुळवून म्हणतो. वर्गातही तसेच करता येते. ‘रात्री दिसते, गोल आणि पांढरी असते’ असे सोप्या स्पॅनिशमध्ये सांगायचे आणि मुलांनी चित्र ओळखायचे. शेवटी पुकारण्याचे काम मुलांकडेच सोपवायचे. ऐकणारे मूल बोलू लागते ते इथे, कारण आता सगळ्यांचा डाव त्याच्या शब्दावर अवलंबून असतो.

असेच काम मैदानावरचा ‘लांडगेदादा, किती वाजले?’ हा खेळ करतो. लांडगा पाठमोरा उभा राहून वेळ सांगतो, मुले तितकी पावले पुढे सरकतात, आणि ‘जेवणाची वेळ’ होताच तो वळून पकडायला धावतो. एक ते बारा अंक यात भीती आणि आनंद यांच्यासह मनात रुजतात.

उंदीरमामाची गोष्ट

कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथील स्पॅनिश शिक्षक ब्लेन रे यांनी अॅशर यांच्या पद्धतीला गोष्टीची जोड दिली. आज्ञा पाळून मुले काही काळाने थकतात, पण गोष्ट ऐकून थकत नाहीत, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र म्हणता येईल. शिक्षक गोष्ट आयती सांगत नाही, मुलांना विचारत विचारत रचतो. मुलीकडे मांजर आहे का? कोणत्या रंगाचे? निळे? ते किती मोठे? घराएवढे? गोष्ट जितकी विचित्र, तितकी लक्षात राहते, आणि प्रत्येक प्रश्नागणिक तेच चार-पाच शब्द नव्याने फिरून येतात.

स्पॅनिश संस्कृतीत यासाठी खजिनाच आहे. स्पेनमध्ये पडलेला दुधाचा दात नेण्यासाठी परी येत नाही, ‘रातोन्सितो पेरेस’ नावाचा उंदीर येतो. १८९४ मध्ये आठ वर्षांचा राजा आल्फोन्सो तेरावा याचा दात पडला, तेव्हा लुइस कोलोमा या धर्मगुरू लेखकाला त्याच्यासाठी गोष्ट लिहायला सांगण्यात आले, आणि त्यांनी या उंदराला माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावरच्या मिठाईच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात घर दिले. आज त्या जागी उंदराच्या नावाची पाटी आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात कुणाचा ना कुणाचा दात हलतच असतो, त्यामुळे या गोष्टीला निमित्त शोधावे लागत नाही. दात उंदराच्या बिळात किंवा कौलावर टाकण्याची रीत माहीत असलेल्या मराठी घरातल्या मुलाला तर हा उंदीर अगदी ओळखीचा वाटेल.

शाळा अर्धी स्पॅनिश

खेळाच्या तासाहून पुढचे पाऊल म्हणजे शाळेचा दिवसच त्या भाषेत घालवणे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातून हजारो कुटुंबे फ्लोरिडात आली. १९६३ मध्ये मायामीच्या कोरल वे प्राथमिक शाळेने एक धाडस केले: इंग्रजी बोलणारी आणि स्पॅनिश बोलणारी अशा दोन्ही मुलांना अर्धा दिवस इंग्रजीत आणि अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये शिकवायचे. पुढे १९७१ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत इंग्रजीभाषक बालवर्गाला पहिल्या दिवसापासून पूर्ण स्पॅनिशमध्ये शिकवले जाऊ लागले. कॅनडातील सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ मध्ये सुरू झालेल्या फ्रेंच वर्गांचा आदर्श त्यामागे होता. सुरुवातीला मुले इंग्रजीत उत्तर देत, आणि शिक्षिका ते समजून घेऊन स्पॅनिशमध्येच पुढे बोले.

खेळाला जोड सातत्याची

लहान वयात सुरुवात केली, की भाषा आपोआप येते, हा समज मात्र शाळेत टिकत नाही. बार्सिलोना विद्यापीठात कार्मेन मुन्योस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घ अभ्यासात इंग्रजी शिकणारी दोन प्रकारची मुले तपासली गेली. आठव्या वर्षी सुरुवात केलेली आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली. सारखेच तास शिकल्यावर उशिरा सुरुवात केलेली मुले पुढे दिसली. लहानग्याचा मेंदू भाषा टिपतो, पण त्यासाठी त्याला ती भरपूर ऐकायला मिळावी लागते. इंग्लंडच्या बहुतेक प्राथमिक शाळांत आठवड्याला अर्धा ते एक तास मिळतो, आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर अनेकांना पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते.

यावर उपाय महागडा नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, की एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा विभागून केलेली उजळणी जास्त टिकते. म्हणून चांगले शिक्षक स्पॅनिशला एका तासात कोंडत नाहीत. हजेरीला ‘प्रेसेन्ते’, रांगेत उभे राहताना अंक, फळ्यावर आजचा वार आणि हवामान, डबा खाण्याआधी ‘बुएन प्रोवेचो’. पाच-पाच मिनिटांचे हे तुकडेच वर्षभरात डोंगर उभा करतात.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे ४ कोटींहून अधिक लोक आहेत, त्यामुळे कॅलिफोर्निया-टेक्ससमधल्या मराठी कुटुंबांतील मुलांची या भाषेशी शाळेतच गाठ पडते. घरातली मराठी त्यांच्यावर ओझे ठरेल, ही काळजी पालकांनी सोडावी. स्पॅनिशमधले त आणि द त्यांच्या जिभेवर आधीच आहेत, जे इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला मुद्दाम शिकावे लागतात. काळा बोका आणि काळी मांजर म्हणणाऱ्या मुलाला विशेषणाने लिंगाप्रमाणे बदलावे याचे आश्चर्य वाटत नाही, आणि तू-तुम्हीतला फरक तर ते आजी-आजोबांशी बोलताना शिकलेले असते. पालकांनी शाळेकडे मागावे ते एवढेच: रोज थोडी स्पॅनिश, ती आनंदाने शिकवणारे प्रशिक्षित शिक्षक, आणि पुढच्या इयत्तेत तिथूनच पुढे जाणारा अभ्यासक्रम. ही तीन गोष्टींची मागणी मान्य झाली, तर खेळातून सुरू झालेली भाषा मुलाच्या कायम कामी येईल.