हिमावरचा खिशातला कॅमेरा

प्रवास आणि छायाचित्रण : लेखांक सातवा

मागील लेखांकात समुद्रकिनाऱ्यावरील वाळू आणि खारा वारा यांपासून कॅमेऱ्याचे रक्षण कसे करावे, याचा विचार केला. या आठवड्यात आपल्याला अशा प्रदेशात जावयाचे आहे की, जेथे प्रकाशाची वाण नसून अतिरेक आहे, आणि जेथे कॅमेऱ्यास धुळीपेक्षा थंडीचे व बाष्पाचे भय अधिक. जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला जाणारी मराठी कुटुंबे आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. तेथे भाड्याचे जाड बूट पायांत चढवून, लांब स्की बांधून, नवशिक्यांच्या उतारावर चार वेळा पडण्याची व पाचव्यांदा सावरण्याची हौस बहुतेक जण भागवून घेतात. काही थोडे उत्साही लोक औलीस किंवा गुलमर्गला रीतसर शिक्षणही घेतात. या दोन्ही वर्गांची तक्रार मात्र एकच असते, ती ही की, डोळ्यांनी पाहिलेला शुभ्र डोंगर छायाचित्रात मळकट दिसतो, आणि ज्या वळणासाठी दोन दिवस जिवाचा आटापिटा केला, ते वळण चित्रफितीत एखाद्या सपाट रस्त्यावरून चालल्यासारखे भासते. दोष कॅमेरा लहान असल्याचा आहे, असे समजून पुष्कळांनी नंतर मोठा कॅमेरा विकत घेतला आहे. तो खर्च बहुधा अनाठायी असतो.

लहान कॅमेरा आणि डोंगर यांचा ऋणानुबंध जुना आहे. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीच्या कारखान्यात काम करणारा ऑस्कर बार्नाक हा दम्याचा रुग्ण होता. भटकंतीवर काचेच्या पट्ट्यांचा अवजड कॅमेरा वाहून नेणे त्यास झेपेना, हे त्याच्या खटपटीमागील एक कारण सांगितले जाते. त्या खटपटीतून निघालेला लायका कॅमेरा 1925 साली लाइपझिगच्या वसंत-मेळाव्यात लोकांपुढे आला. त्याच्या थोडे आधी, 1920 साली, फ्रायबुर्गच्या आर्नोल्ड फांक या भूगर्भशास्त्राच्या पदवीधराने स्कीच्या करामतींवर एक संपूर्ण चित्रपट काढला. त्याचे छायाचित्रकार स्वतः पट्टीचे स्कीपटू होते, कारण तिपाई व कॅमेरा घेऊन त्या उतारांवर पोचणे इतरांना शक्यच नव्हते. आज आपल्या खिशात मावणारे यंत्र त्या मंडळींच्या सर्व सरंजामाहून अधिक काम करते, यात शंका नाही. तथापि त्यांना हिमाच्या प्रकाशाची जी पारख होती, ती यंत्राबरोबर पेटीत घालून मिळत नाही.

सर्व अडचणींचे मूळ कॅमेऱ्यातील प्रकाशमापकात आहे. हा प्रकाशमापक समोरचे दृश्य काय आहे हे जाणत नाही. समोरून येणारा प्रकाश सरासरीने मध्यम करड्या रंगाच्या, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के परावर्तित करणाऱ्या, पृष्ठभागावरून येत असला पाहिजे, असे गृहीत धरूनच तो आपला हिशेब मांडतो. शेत, रस्ता, घर, माणसांचा घोळका अशा दृश्यांत हे गृहीत साधारणपणे खरे ठरते. ताजे हिम मात्र 80 ते 90 टक्के प्रकाश परत फेकते. त्या झगझगाटाला करडे करून सोडण्याचा जणू वरिष्ठांचा हुकूम असल्याप्रमाणे प्रकाशमापक एक्स्पोजर कमी करतो, आणि आपल्या हाती येते ते राखेच्या रंगाचे हिम व त्यावर काजळी फासल्यासारखी माणसे. यावर उपाय म्हणजे यंत्राचे मत जाणूनबुजून खोडून काढणे. बहुतेक सर्व छोट्या कॅमेऱ्यांत अधिक-उणे चिन्हाची एक कळ असते. तिच्या योगे एक्स्पोजर वाढवावे. चौकटीत हिमच हिम असेल, तर दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढ लागते, कारण 18 आणि 80-90 या आकड्यांतील अंतरच तेवढे आहे. देवदारांची काळी रांग किंवा जवळ उभी असलेली माणसे चौकटीत असतील, तर एक किंवा दीड स्टॉप पुरे. काही कॅमेऱ्यांत ‘स्नो’ नावाची तयार योजना असते, ती हेच काम स्थूलमानाने करते, आणि ज्याला कळांशी झटण्याचा कंटाळा आहे त्याने तिचा आश्रय घेण्यास हरकत नाही. मात्र वाढविण्याच्या उत्साहात हिमाचा पोत धुऊन जाणार नाही, याचीही खबरदारी घेतली पाहिजे. पडद्यावर दिसणारा आलेख, ज्यास हिस्टोग्राम म्हणतात, तो उजव्या कडेजवळ यावा परंतु तिला धडकू नये. सूर्य ढगाआड गेला किंवा बाहेर आला की ही तजवीज पुन्हा तपासावी लागते, आणि गुलमर्गच्या डोंगरावर ते तासाभरात अनेकदा घडते.

सावल्यांच्या निळेपणाविषयी लोक विनाकारण चिंतित असतात. सावलीतील हिमावर सूर्याचा नव्हे, निरभ्र आकाशाचा प्रकाश पडतो, सबब ते निळे दिसणे हे निसर्गास धरूनच आहे. मला तर त्या निळाईवाचून हिमाचे चित्र अपुरे वाटते. त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. माध्यान्हीचा प्रकाश उतारावरचे सारे चढउतार बुजवून टाकतो, आणि ढगाळ दिवशी तर स्वतः स्कीपटूलाही पुढचा उंचवटा दिसत नाही, मग कॅमेऱ्याची काय कथा? सकाळी आणि दुपार कलल्यावर बाजूने येणारा तिरपा प्रकाश हिमातील प्रत्येक चरा, प्रत्येक कण उठावदार करतो. अशा वेळी लाल किंवा पिवळे जाकीट घातलेला माणूस चौकटीत असला, तर चित्राला आपोआप केंद्र मिळते.

उतार सपाट दिसण्याच्या तक्रारीचे उत्तर कोणत्याही कळीत नाही, ते उभे राहण्याच्या जागेत आहे. उताराच्या माथ्यावरून सरळ खाली, किंवा पायथ्यावरून सरळ वर कॅमेरा रोखला की कोणताही कडा पाटाइतका सपाट होतो, आणि छोट्या कॅमेऱ्याचे रुंद भिंग त्यात आणखी भर घालते. छायाचित्रकाराने उताराच्या बाजूला, स्कीपटूच्या मार्गाला काटकोनात उभे राहावे, आणि चौकटीत एखादे उभे झाड किंवा दूरचे क्षितिज घ्यावे. झाड सरळ वर वाढते हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्या तुलनेने जमीन किती कलली आहे, हे मग त्यास सांगावे लागत नाही. उतार अधिक भासावा म्हणून कॅमेरा तिरका धरणारे लोक आहेत. त्यांची झाडेच त्यांची लबाडी चव्हाट्यावर मांडतात.

आता गतीचा हिशेब. ताशी 40 किलोमीटरने येणारा स्कीपटू एका सेकंदात सुमारे 11 मीटर अंतर तोडतो; शटरचा वेग सेकंदाचा 250 वा भाग ठेवला, तर तेवढ्या अवधीत तो साडेचार सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि 1000 वा भाग ठेवला तर केवळ एक सेंटिमीटर. हिमावर प्रकाश मुबलक असल्याने हा दुसरा वेग छोट्या कॅमेऱ्यालाही सहज परवडतो. खरी अडचण फोकसची असते, कारण समोर धावून येणाऱ्या वस्तूचा पाठलाग करण्यात लहान कॅमेरे बहुधा मागे पडतात. म्हणून वळण कोठे घ्यावयाचे ते मित्राशी आधीच ठरवावे, त्या ठिकाणच्या हिमावर फोकस स्थिर करून ठेवावा, आणि तो तेथे पोचण्याच्या किंचित आधी सलग चित्रे घेणारी कळ दाबावी. वळणातून उडणारा हिमाचा फवारा हाच या चित्राचा खरा विषय असतो.

चलच्चित्रणाविषयी माझे मत पुष्कळांना रुचणार नाही. शिरस्त्राणावर किंवा छातीवर कॅमेरा बांधून स्वतः घसरत जाण्याची जी चाल पडली आहे, तिच्यातून निघणाऱ्या चित्रफिती घेणाऱ्यास रोमांचक आणि इतर सर्वांस कंटाळवाण्या असतात. स्कीची दोन टोके, हलणारे हिम आणि वाऱ्याचा घोंघाट यांखेरीज त्यांत काही नसते. विली बोग्नर हा जर्मन ऑलिंपिकपटू 1969 सालच्या बाँडपटासाठी हातात कॅमेरा घेऊन उलटा, म्हणजे पाठीच्या दिशेने, स्की करीत चित्रण करीत असे. ती विद्या ज्याला साधली आहे, त्याने खुशाल चालता कॅमेरा चालवावा. आपण उभे राहावे, कोपर अंगाशी टेकवावे, आणि स्कीपटू चौकटीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कमरेतून वळत त्याच्यामागे जावे, त्याच्या पुढे मोकळी जागा राखावी, आणि 10-15 सेकंदांत थांबावे. सेकंदाला 100 चौकटी घेण्याची सोय असल्यास तीच चित्रफीत 25 च्या गतीने दाखवून वळण चौपट संथ करता येते. शिकणाऱ्याला आपला गुडघा कोठे चुकतो, हे त्यात जितके कळते तितके गुरूच्या ओरडण्याने कळत नाही.

थंडीचा बंदोबस्त सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, आणि गंडोला या दोरमार्गाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर 3,900 मीटरच्याही वर नेऊन सोडतो. साधारण छोटे कॅमेरे शून्य अंशाच्या खाली चालविण्यासाठी बनविलेले नसतात, आणि हिमात चालणारे म्हणून मिळणारे मजबूत कॅमेरेही बहुधा उणे 10 अंशांपर्यंतचीच ग्वाही देतात. लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीने मंदावते, म्हणून भरलेली बॅटरी रिकामी झाल्याचे सोंग करते. ती काढून अंगालगतच्या खिशात ठेवली की तिच्यात पुन्हा जीव येतो. दुसरी बॅटरी तेथेच ठेवावी, मात्र कांगडीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या काश्मिरी शेगडीवर, ती शेकण्याचा प्रयोग कोणी करू नये. भिंगावर पडलेले हिम फुंकून उडवू नये, कारण श्वासातील बाष्प तेथेच गोठते. मऊ कुंचल्याने ते झटकावे. काही रंगीत गॉगलांतून पडदा एका विशिष्ट कोनात पूर्ण काळा दिसतो, तेव्हा कॅमेरा बिघडला असे समजून घाबरू नये, तो आडवा-उभा फिरवून पाहावा. आणि संध्याकाळी उबदार खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे. मग खोलीतील बाष्प कॅमेऱ्याऐवजी पिशवीवर जमेल. तो खोलीइतका उबदार होईपर्यंत, म्हणजे तास-दीड तास, पिशवी उघडण्याचा मोह टाळावा. चित्रे तोवर पाहावयाचीच असतील, तर कार्ड बाहेर असतानाच काढून घ्यावे.

शेवटी सुरक्षिततेविषयी. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावरील वर्तनाचे 10 नियम आहेत. त्यांपैकी एक असा की, अरुंद जागी किंवा वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी विनाकारण थांबू नये. उंचवट्याच्या लगेच खाली बसून छायाचित्र घेणारा माणूस नेमके तेच करीत असतो. कडेला जावे, वरच्या बाजूस नजर ठेवण्यास एका सोबत्यास सांगावे, मगच कॅमेरा काढावा. जे गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून आखलेल्या वाटेबाहेर उतरतात, त्यांच्या अंगावर हिमप्रपातात शोध लागावा म्हणून संदेश देणारे यंत्र असते. कॅमेरा आणि दूरध्वनी त्यापासून निदान 20 सेंटिमीटर दूर ठेवावेत, आणि कोणाचा शोध घेण्याची वेळ आली तर 50 सेंटिमीटर, कारण विजेवर चालणारी उपकरणे त्या संदेशात अडथळा आणतात. वाटाड्याने कॅमेरा आत ठेवा म्हटले की तो निमूटपणे आत ठेवावा.

पुढील लेखांकात सह्याद्रीतील पावसाळी वाटांवर कॅमेरा कोरडा कसा राखावा, याचा विचार करू. ज्या वाचकांजवळ जलरोधक पिशव्या असतील, त्यांनी त्या आठवड्याभरात पाण्याच्या बादलीत बुडवून तपासून ठेवाव्यात.